पाहुण्याच्या सोळा बारांसाठी राखलेली जागा : विश्रामबागमधील एका रेकॉर्डिंग स्टुडिओविषयी

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागच्या पट्ट्यात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेला हा स्टुडिओ सुरू झाला तो भजनी मंडळांच्या आणि गणपतीच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी. गेल्या काही वर्षांत मात्र सांगली, मिरज, तासगाव, पलूस या भागांत रॅप करणाऱ्या मुलांची तिथे रीघ लागलेली असते. माझ्या धाकट्या भावाची गाणी इथेच झाली, त्यांचे पैसे मी मोजले आणि त्या खोलीत तासन्‌तास बसून काम कसे चालते ते पाहिले, म्हणून या सेवेविषयी लिहीत आहे. आत्ताच लिहिण्याचे कारण असे की, येत्या काही दिवसांत इथे एका पाहुण्या रॅपरची व्हर्स (गाण्यातले त्याच्या वाट्याचे कडवे) मुद्रित व्हायची आहे आणि तिची वाट पाहणाऱ्या रसिकांच्या अपेक्षा इतक्या वाढल्या आहेत की त्यांचा भार त्या रॅपरइतकाच या स्टुडिओवरही आला आहे.

गाणे सांगलीच्या एका तरुण रॅपरचे आहे आणि विषय कृष्णेच्या पुराचा आहे. त्याच्या हूकमध्ये, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळींत, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटाफुटाने चढत जाते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे दोन आकडे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतात, आणि २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना त्या हूकचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या व्हर्समध्ये मारुती चौकाकडचे एक घर आहे, जिथे आधी गहू-ज्वारीची पोती माळ्यावर चढतात, मग म्हातारी माणसे आणि सगळ्यात शेवटी कागदपत्रांची पेटी. दुसऱ्या व्हर्सची जागा यजमानाने रिकामी ठेवली असून ती कराडच्या एका रॅपरला दिली आहे. ही निवड मला फार नेमकी वाटते. कोयना आणि कृष्णा यांचा संगम कराडला होतो. कोयना धरणातून सोडलेले पाणी तिथे कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीच्या पुलाखाली येते. यजमान पुलावर उभा राहून ज्या पाण्याचे फूट मोजतो आहे, त्यातले बरेचसे पाणी पाहुण्याच्या गावावरून वाहत आलेले आहे. साहजिकच ऐकणाऱ्यांना असे वाटते की, गोष्टीची वरच्या अंगाची बाजू आता हा माणूस सांगेल.

पाहुण्या व्हर्सकडून एवढी अपेक्षा ठेवावी का, असा प्रश्न रॅप न ऐकणाऱ्या मंडळींना पडू शकतो. या संगीतप्रकाराच्या इतिहासात तिचे वजन पहिल्यापासूनच मोठे राहिले आहे. न्यूयॉर्कचा नास १९९१ साली मेन सोर्स या गटाच्या एका गाण्यातल्या पाहुण्या व्हर्समुळे पहिल्यांदा लोकांच्या कानावर आला आणि त्याचा स्वतःचा पहिला अल्बम त्यानंतर तीन वर्षांनी आला. मधला सगळा काळ रसिकांनी त्या थोड्या ओळींच्या भरवशावर काढला. ऑगस्ट २०१३ मध्ये केंड्रिक लामारने बिग शॉनच्या गाण्यात पाहुणा म्हणून येऊन यजमानासह कितीतरी समकालीन रॅपरांची नावे घेऊन त्यांना आव्हान दिले, आणि पुढचे कित्येक दिवस गाण्यापेक्षा त्या व्हर्सचीच चर्चा चालली. यजमानाचे गाणे पाहुणा घेऊन जाऊ शकतो, हे तेव्हापासून प्रत्येक रॅप ऐकणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले आहे. आपल्या भागाला तर हे मुळीच परके नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव तमाशाच्या ज्या परंपरेत घडले, तिथे समोरच्या फडाच्या सवालाला जवाब द्यावाच लागे आणि जवाब फिका पडला तर लोक तोंडावर सांगत. कराड आणि वाळवा यांच्यातली सीमाही फार जुनी नाही. वाळवा, तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्यामुळे सांगलीच्या गाण्यात कराडचा पाहुणा येणे ही गोष्ट आमच्याकडे थोडी भाऊबंदकीच्या नजरेनेही पाहिली जाते, आणि त्यातून चुरस वाढते.

या स्टुडिओची मला सर्वांत आवडलेली सेवा म्हणजे त्यांची ऐकवणीची बैठक. गाणे पूर्ण होण्याआधी, गायकाच्या संमतीने, रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसांना बोलावून कच्चे मिक्स, म्हणजे अजून पक्के न झालेले मुद्रण, ऐकवले जाते. प्रवेशमूल्य नाही, चहा मिळतो, आणि दारातच एका ट्रेमध्ये प्रत्येकाचा मोबाईल ठेवून घेतला जातो. अर्धवट गाण्याचा तुकडा बाहेर फुटू नये याविषयी रेकॉर्डिस्ट दादा अत्यंत काटेकोर आहेत. पाहुण्याने चालीचा अंदाज यावा म्हणून आपल्या व्हर्सच्या पहिल्या ओळी फोनवर बोलून पाठवल्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि बैठकीत पोरांनी त्या ऐकवण्यासाठी बराच आग्रह धरला. दादांनी तो सरळ नाकारला. ज्याने अजून शब्द पक्के केलेले नाहीत त्याचे शब्द चारचौघांत वाजवायचे नाहीत, हा त्यांचा नियम आहे आणि रॅपरांचा या जागेवर जो विश्वास आहे तो अशाच नियमांमुळे आहे.

या गाण्याच्या बैठकीत पहिली व्हर्स आणि हूक संपल्यावर दुसऱ्या व्हर्सच्या जागी नुसती बीट वाजली. गाण्याची गती मिनिटाला ९० ठोके आहे, एका बारात चार ठोके येतात, म्हणजे सोळा बारांना त्रेचाळीस सेकंद लागतात. तेवढा वेळ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली सगळी माणसे गप्प बसून ढोल आणि बास ऐकत होती, काहींचे ओठ हलत होते, आणि माझ्या शेजारी बसलेला मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात काम करणारा मुलगा बोटांच्या पेरांवर बार मोजत होता. बीट थांबताच तो म्हणाला, “दादा, पाव्हण्यानं आमच्या पुलाचं नाव घेऊ नये. त्यानं त्याच्या धरणाचं बोलावं.” मला वाटते की या गाण्याकडून असलेली खरी अपेक्षा त्याने एका वाक्यात सांगितली. पुलाविषयी यजमान बोलून चुकला आहे. तेच पुन्हा बोलणारा पाहुणा यजमानाची खुशामत करून परत जाईल आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

त्यानंतर जी चर्चा झाली ती फार मोलाची होती. विलिंग्डन महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीचे म्हणणे असे होते की, कोयनेच्या बाजूने बोलायचे तर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांपासून सुरुवात व्हायला हवी, कारण सांगलीत पाणी चार-आठ दिवसांसाठी घरात येते आणि तिथे ते कायमचे आले. तिच्या आजोळची माणसे त्याच विस्थापितांपैकी असल्याने ती हे फार तळमळीने बोलत होती. दुसऱ्या एकाला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप व्हर्समध्ये यावा असे वाटत होते. काहींना कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा राग व्यक्त व्हायला हवा होता. धरणाच्या फुगवट्यावरून दर पावसाळ्यात सांगलीत जे वाद होतात ते पाहता ही अपेक्षा समजण्यासारखी आहे, पण कराडच्या माणसाने सोळा बारांत कर्नाटकापर्यंत जावे, हे मला पटत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे स्वतःचे इतके आहे. १०५ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) धरण ज्याच्या उशाशी आहे, त्याला पावसाळ्यातली रात्र कशी जाते, दरवाजे उचलल्याची बातमी आली की प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, काय दिसते, खालच्या गावांतले नातेवाईक फोन करून काय विचारतात, हे त्याच्याइतके खरे दुसरा कोणी सांगू शकणार नाही.

विषयाबरोबरच फ्लोचीही, म्हणजे शब्द तालावर मांडण्याच्या ढंगाचीही, अपेक्षा आहे आणि तिथे मतभेद टोकाचे आहेत. हा पाहुणा त्याच्या वेगासाठी ओळखला जातो. या गतीवर ठोक्याला चार अक्षरे असा साधा सोळाव्या मात्रेचा फ्लो धरला तरी सेकंदाला सहा अक्षरे होतात, आणि तो त्याच्याही पुढे सहज जातो. तरुण पोरांना तोच वेग हवा आहे. मला स्वतःला असे वाटते की, यजमानाची व्हर्स संथ आणि वर्णनाची असल्यामुळे पाहुण्याने पहिले चार बार तितकेच धिमे धरावेत, पाण्याची पातळी वाढते तसा वेग वाढवावा आणि शेवटचे दोन बार पुन्हा मोकळे सोडावेत, म्हणजे हूकमधला ४० चा आकडा परत येईल तेव्हा तो नीट आदळेल. सगळे सोळा बार एकाच धबडग्यात गेले, तर टाळ्या पडतील, पण दुसऱ्यांदा ऐकताना त्यात काही नवे सापडणार नाही. बैठकीत मागे बसलेले, पूर्वी कलापथकात गाणारे एक काका यावर एवढेच म्हणाले, “बाळांनो, शब्द कळला पाहिजे बघा.” त्यांच्या या बोलण्यापाशीच स्टुडिओच्या कामाची परीक्षा सुरू होते.

शब्द कळण्याच्या कसोटीवर मी या स्टुडिओला सांगलीत पाहिलेल्या इतर जागांच्या वर ठेवीन. गायकाची खोली लहान आहे, तिच्या भिंतींवर रॉकवूलचे कापडात गुंडाळलेले पॅनेल आहेत आणि गायकाच्या पाठीमागे लाकडी चौकटीवर दोन जाड गोधड्या टांगलेल्या आहेत. दिसायला हे साधे असले तरी त्याचा परिणाम मोठा आहे. माईक केवळ तोंडातून येणारा आवाज घेत नाही, भिंतीवर आपटून परत येणारा आवाजही घेतो, आणि वेगाने म्हटलेल्या ओळीत हा परतणारा आवाज पुढच्या अक्षरावर सांडतो. सेकंदाला सहा-आठ अक्षरे म्हणणाऱ्या रॅपरासाठी खोली जितकी कोरडी तितके प्रत्येक अक्षर सुटे राहते. माझ्या भावाने आधी ज्या ठिकाणी मुद्रण केले होते तिथे भिंतींना फक्त चमकदार फोम लावलेला होता. त्याच ओळी इथे म्हटल्यावर फरक घरातल्या साध्या मोबाईलच्या स्पीकरवरही कळला.

मराठी उच्चारांची दादांना असलेली जाण हा दुसरा गुण. ‘भ’, ‘ध’, ‘फ’ अशी महाप्राण अक्षरे म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माईकवर धप्प असा आवाज येतो, म्हणून ते पॉप फिल्टर लावतातच, शिवाय गायकाला माईकच्या अगदी समोर न ठेवता किंचित तिरपा आणि एका वितीच्या अंतरावर उभा करतात. भाऊ जोशात येऊन पुढे सरकू लागला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “भावा, मोठ्यानं नको. माईकला ऐकू येतंय.” जवळ गेले की खालचे सूर फुगतात आणि आवाज भारदस्त वाटतो, त्यामुळे नव्या पोरांना ती सवय फार लवकर लागते, पण ट्रॅप किंवा ड्रिल या रॅपप्रकारांच्या बीटमध्ये ८०८ चा (त्या नावाच्या ड्रम मशीनवरून आलेला खोल) बास आधीच तिथे बसलेला असतो, आणि दोघे एकाच जागी आले की मिक्समध्ये शब्द बुडतात. दादा मिक्स करताना आवाजातला अगदी तळाचा भाग छाटतात, ‘स’ आणि ‘श’चा चरचराट हलक्या हाताने उतरवतात आणि बासला शब्दाच्या वेळी थोडे मागे घेतात. काम झाल्यावर गाणे मोठ्या स्पीकरवर, मग मोबाईलवर आणि शेवटी खाली उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिरिओवर ऐकल्याशिवाय ते फाईल देत नाहीत.

ऑटोट्यूनबाबत (आवाज आपोआप सुरात बसवणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत) त्यांचे मत ठाम आहे. हूक सुरात असेल तर ते वापरतात, व्हर्सवर मात्र गायकाने हट्ट धरल्याखेरीज लावत नाहीत. कराड-सांगलीकडची बोली वाक्याच्या शेवटी जशी वर चढते आणि मध्येच तुटते, तो चढउतार सुरांच्या पट्टीत बसवला की माणूस कुठला आहे हेच कळेनासे होते, असे ते सांगतात आणि मला ते पूर्ण पटते. पाहुण्याकडून रसिक ज्या गोष्टींची वाट पाहत आहेत, त्यांत त्याच्या बोलण्याची कराडी ढब ही एक मोठी गोष्ट आहे.

त्याहूनही महत्त्वाचा निर्णय त्यांनी या गाण्यासाठी घेतला आहे. हल्ली पाहुणी व्हर्स बहुतेक वेळा फाईलमधूनच येते. पाहुणा आपल्या घरी, आपल्या माईकवर म्हणतो आणि पाठवून देतो. त्यात पैसा आणि वेळ वाचतो, पण दोन खोल्यांचे दोन आवाज एका गाण्यात शेजारी बसले की ऐकणाऱ्याला दुसरा माणूस दुसरीकडून बोलतो आहे हे जाणवत राहते. पुष्कळ गाण्यांत ते चालून जाते. एका नदीच्या दोन काठांवरची माणसे एकमेकांशी बोलत आहेत अशी ज्या गाण्याची कल्पना आहे, तिथे ते चालणार नाही, असे दादांनी यजमानाला समजावले आणि पाहुण्याला सांगलीला बोलावण्याचा आग्रह धरला. कराडहून रेल्वेनेही येता येते, त्यामुळे तोही तयार झाला. यजमान आणि पाहुणा एकाच खोलीत, एकाच माईकसमोर, एकमेकांच्या अॅडलिब (ओळींमधल्या उत्स्फूर्त सादा) म्हणणार आहेत, हे कळल्यावर बैठकीतल्या लोकांचा उत्साह दुप्पट झाला, आणि या सल्ल्यासाठी स्टुडिओने वेगळे पैसे घेतलेले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो.

दर वाजवी आहेत. मुद्रणाला तासाला ५०० रुपये आणि एका गाण्याच्या मिक्स-मास्टरला ३,००० रुपये असा सध्याचा हिशेब आहे. विद्यार्थ्यांना थोडी सवलत मिळते, पण ती आधी बोलून घ्यावी लागते.

काही उणिवाही आहेत आणि त्या दूर व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. मुद्रण चालू असताना पंखा आणि एसी दोन्ही बंद ठेवतात, कारण त्यांची घरघर माईकमध्ये उतरते. एप्रिल-मे महिन्यांत त्या गोधड्यांच्या खोलीत अर्धा तास उभे राहणे कठीण होते आणि थकलेल्या गायकाचे शेवटचे टेक (एका दमात म्हटलेले मुद्रण) पडतात. दोन टेकच्या मध्ये सक्तीने विश्रांती देण्याची पद्धत त्यांनी घालून घ्यावी. रस्त्याच्या बाजूची खिडकी पूर्ण बंद केलेली नसल्यामुळे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल गेली की चांगला टेक वाया जातो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक चालतो, पण त्यातून येणारी बारीक गुणगुण नंतर साफ करावी लागते आणि तो वेळ गिऱ्हाइकाच्या तासात धरला जातो, हे योग्य नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार स्टेम फाईलींविषयी, म्हणजे प्रत्येक आवाजाच्या सुट्या ट्रॅकविषयी आहे. गाणे पूर्ण झाल्यावर ते अंतिम मिक्स देतात. व्हर्स, हूक, अॅडलिब, बीट असे वेगवेगळे ट्रॅक हवे असतील तर वेगळे पैसे मागतात आणि तेही बरेच दिवसांनी मिळतात. दोन रॅपरांचे गाणे असेल तेव्हा प्रत्येकाला आपल्या आवाजाचा ट्रॅक मिळणे हा त्याचा हक्क आहे. उद्या पाहुण्याला आपली व्हर्स कार्यक्रमात दुसऱ्या बीटवर म्हणायची असेल, किंवा गाण्याचा वाद्यमेळ बदलून ते पुन्हा करायचे असेल, तर ती फाईल त्याच्याजवळ असायला हवी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही फाईली पेन ड्राईव्हवर घालून देण्याला लागणारा वेळ फार नाही आणि तो मूळ दरातच धरला पाहिजे. याविषयी मी दादांशी बोललो आहे. त्यांनी नाही म्हटलेले नाही.

आणखी एक सूचना मास्टरिंगबाबत, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवून आवाजाची पातळी ठरवण्याबाबत, करावीशी वाटते. पोरांना गाणे जितके मोठे तितके भारी वाटते आणि त्यांच्या आग्रहापुढे दादाही कधी कधी आवाजाची पातळी फार चढवतात. स्ट्रीमिंगच्या मंचांवर गाणी एका ठरावीक पातळीला आणून वाजवली जातात, स्पॉटिफायवर ती साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) असते, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तिथे पुन्हा खाली आणले जाते आणि हाती उरतो तो फक्त चपटा झालेला आवाज. पुराच्या या गाण्यात संथ सुरुवात आणि शेवटची उसळी यांच्यात अंतर राहिले पाहिजे. पाहुण्याने वेग वाढवूनही आवाज जागच्या जागी राहिला तर त्याच्या मेहनतीचे चीज होणार नाही. या एका गाण्यापुरते तरी त्यांनी पोरांचे न ऐकता स्वतःच्या कानाचे ऐकावे.

ज्यांना इथे काम करायचे आहे त्यांनी आपली लिहिलेली व्हर्स पाठ करूनच यावे, कारण कागद किंवा मोबाईल हातात धरून म्हणणाऱ्याला दादा परत पाठवतात आणि तास मात्र मोजला जातो. बीटचे हक्क कोणाकडे आहेत हेही आधी स्पष्ट करून घ्यावे. इंटरनेटवरून उतरवलेल्या बीटवर ते मुद्रण करतात, पण परवान्याची जबाबदारी घेत नाहीत. ऐकवणीच्या बैठकीला यायचे असल्यास खालच्या झेरॉक्सच्या दुकानात नाव नोंदवावे लागते. पाहुण्याची व्हर्स मुद्रित झाल्यानंतरची बैठक ठरलेली आहे आणि तिच्यासाठी नावे आत्ताच भरत आली आहेत. नवे गाणे करायचे असेल तर श्रावण लागण्याआधी तारीख घ्यावी, कारण त्यानंतर गणेश मंडळांची गाणी सुरू होतात आणि अनंत चतुर्दशीपर्यंत रॅपला तिथे रात्री दहानंतरचीच वेळ मिळते.